जितके मासे, तितक्या काठ्या

घोडेगावचे नाव काढले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे म्हशींचा बाजार उभा राहतो. नगरहून औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, वाटेवर असलेले हे गाव जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी महाराष्ट्रभर ठाऊक आहे. अशा गावी उभे राहून आम्ही आज माशांविषयी, त्यातही माशी लावून मासा धरण्याच्या कलेविषयी बोलणार, हे ऐकून काही मंडळींना हसू येईल. म्हैस, मासा आणि माशी या शब्दांत अंतर थोडे असले तरी वस्तूंत ते फार आहे, असे कोणी म्हणेल. परंतु या तिन्हींना जोडणारा एक धागा आम्हांला दिसतो. तो आपल्यासमोर ठेवावा, एवढाच आजचा हेतू.

प्रथम विषय काय तो सांगितला पाहिजे. गळाने मासे धरण्याचे स्थूलमानाने दोन प्रकार. एकात गळाला गांडूळ, कणकेची गोळी असे खरे खाद्य लावतात. दुसऱ्यात खाद्य नसतेच. बारीक गळावर पिसे, लोकर आणि रेशमी धागा गुंडाळून एक खोटी माशी बनवतात आणि ती पाण्यावर अशी टाकतात की माशाला ती नुकतीच उडत येऊन पडलेली वाटावी. माशीला वजन नसते, म्हणून ती दगडासारखी फेकता येत नाही. इथे वजन असते ते दोरीला. चाबूक फिरवावा तशी लवचीक काठी मागेपुढे फिरवली की दोरी हवेत उलगडत जाते आणि तिच्या टोकाची माशी अलगद पाण्यावर उतरते. यालाच माशीची गळमासेमारी म्हणतात.

अमेरिकेत या कलेचा एक साधा, घरगुती प्रकार फार लोकप्रिय आहे. तळ्यातले वीतभर लांबीचे, तव्यात सबंध मावतील असे मासे माशीने धरायचे. त्या माशांना तिकडे ‘तव्यातले मासे’ याच अर्थाचे नाव आहे. या छंदातले जाणते लोक पाण्यावर जाताना एक काठी नेत नाहीत, दोन-तीन नेतात. एकीला तरंगती माशी, दुसरीला बुडणारी, तिसरी किंचित जड. सकाळ-संध्याकाळ मासा वर येतो, दुपारी तळाशी बसतो. मग दर वेळी गाठ सोडून नवी बांधण्यापेक्षा दुसरी काठी हाती घेतलेली बरी. बोटाएवढ्या माशासाठी तीन-तीन काठ्या कशाला, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर कोणा श्रीमंताच्या हौसेत नाही, ते पाण्यात आहे. मासे अनेक, म्हणून काठ्या अनेक. आणि ज्या पाण्यावर एकच काठी पुरते, त्या पाण्याचे काहीतरी हरवले आहे असे समजावे. हे एकच सूत्र धरून आपण नऊशे वर्षांचा प्रवास करू.

या प्रवासाचा आरंभ आपल्याच मुलखात होतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य दख्खनवर होते. गोदावरीकाठचे यादव तेव्हा त्यांचे मांडलिक होते. त्या घराण्यातल्या भूलोकमल्ल सोमेश्वराने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. आरंभीच्या मराठीचे काही नमुने त्यात सापडतात, म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी त्याचे संपादन केले. पहिला खंड 1925 मध्ये निघाला आणि तिसरा 1961 मध्ये.

या ग्रंथाचे पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय. चौथी विंशती विनोदांची, म्हणजे राजाच्या करमणुकींची. त्यात हत्ती आहेत, घोडे आहेत, मल्ल आहेत. कोंबड्यांच्या आणि एडक्यांच्या झुंजी आहेत. रेड्यांच्या झुंजीचा ‘महिषविनोद’ही आहे. त्याच पंगतीत ‘मत्स्यविनोद’ नावाचा अध्याय येतो. म्हैस आणि मासा एका ग्रंथात, एका विंशतीत शेजारी बसलेले आहेत, तेव्हा घोडेगावी माशांविषयी बोलण्याचा आमचा अधिकार सिद्ध झाला असे समजण्यास हरकत नसावी!

या अध्यायाचे मोल आधुनिक काळात ओळखले ते मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी. 1951 मध्ये त्यांनी त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. सोमेश्वर गळाने मासे धरण्याची कृती सांगतो, पण आधी काय करतो हे पाहण्यासारखे आहे. तो प्रथम मासे मोजतो. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. मोठे कोणते, लहान कोणते. अशा सुमारे पस्तीस जाती तो नावानिशी सांगतो आणि मग कोणत्या जातीला कोणते खाद्य रुचते ते लिहितो. राजाची करमणूक असूनही अध्यायाचा पाया वर्गीकरणाचा आहे. एकाच गळाने, एकाच गोळीने सगळे मासे येत नाहीत, हे त्याला पक्के ठाऊक होते. हे ज्ञान राजवाड्यात जन्मले असेल असे आम्हांला वाटत नाही. ते नदीकाठच्या माणसांकडून राजाकडे आले असले पाहिजे. राजाने केले ते एवढेच की त्याने ते लिहून ठेवले, आणि हे ‘एवढेच’ फार मोठे आहे.

आता युरोपकडे पाहू. खोट्या माशीचा जुना उल्लेख इसवी सनाच्या दोनशेच्या आसपासचा आहे. मॅसिडोनियातले लोक तांबडी लोकर आणि पिसे गळाला बांधून मासे धरतात असे एलियन या लेखकाने नोंदवले. परंतु इंग्रजीत या कलेवर छापलेले पहिले पुस्तक निघाले ते 1496 मध्ये, म्हणजे सोमेश्वरानंतर तब्बल साडेतीनशे वर्षांनी. एका मठातल्या ज्युलियाना बर्नर्स या बाईंच्या नावावर ते सांगितले जाते. त्यात बारा माशा कशा बांधाव्यात ते दिले आहे. पण त्यातला आम्हांला सर्वांत आवडलेला भाग दोरीचा. त्या काळी गळाची दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची वळत. घोडेगावच्या श्रोत्यांना ही गोष्ट विशेष जवळची वाटेल! कोणत्या माशाला किती केसांची दोरी हे त्या पुस्तकात मोजून दिले आहे. अगदी चिमुकल्या माशाला एक केस, त्याहून थोड्या मोठ्याला दोन, मग तीन, चार, सहा. ट्राउट माशाला नऊ, मोठ्या ट्राउटला बारा आणि सामन माशाला पंधरा.

एक केस ते पंधरा केस. या एका जिन्यावर इंग्लंडच्या नद्यांचे सगळे वैभव उभे आहे. पायऱ्या इतक्या का? मासे इतके होते म्हणून. आणि ध्यानात घ्या, जिन्याची पहिली पायरी सर्वांत लहान माशाची आहे. एका केसाने धरायचा मासा लिहिणाराला क्षुद्र वाटला नाही.

पुन्हा आपल्या मुलखाकडे येऊ. पेशवाई बुडून सहा वर्षे झाली होती. मुंबई सरकारने 1824 मध्ये विल्यम हेन्री साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची पाहणी करण्यास नेमले. जमीन, पिके, लोकसंख्या यांची माहिती गोळा करणे हे त्याचे काम. पण गृहस्थ बहुश्रुत आणि चौकस होता. 1831 पर्यंत तो या मुलखात फिरला आणि पक्ष्यांबरोबर त्याने नद्यांतले मासेही पाहिले, मोजले, त्यांची चित्रे काढविली. ‘दख्खनचे मासे’ हा त्याचा निबंध 1838 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे आला.

या निबंधातली खरी मौज नावांची आहे. नवीन जातीला लॅटिन नाव द्यावे हा शास्त्राचा दंडक. साइक्सने काही नावे साहेबांची दिली, पण पुष्कळ ठिकाणी त्याने नदीकाठी कानावर पडलेला मराठी शब्दच उचलला आणि त्याला लॅटिनच्या पंगतीला बसवले. शिंगाळा माशाचे शास्त्रीय नाव आजही ‘स्पेराटा सीनघाला’ असे आहे. शिंगटी ‘मिस्टस सींगटी’ झाली. खाली वळलेल्या बसक्या नाकाचा एक मासा ‘नुक्ता’ झाला. त्याचे नाक पाहिले की आपल्या ‘नकट्या’ची आठवण कोणासही होईल. ‘कोलुस’, ‘पोटेल’, ‘गुंगवारी’, ‘ताकरी’, ‘लोनाह’ अशी ही यादी वाढत जाते. आपल्याकडचा प्रसिद्ध महसीर ‘खुद्री’ या नावाने शास्त्रात गेला. साइक्सने तो पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पाण्यात पाहिला होता. ही मुळा पुण्याची, आपली नगरची नव्हे. पण ‘मुसल्ला’ हा दुसरा दांडगा मासा त्याला मिळाला तो शिरूरजवळ घोड नदीत, आणि घोड नदीचा पैलतीर म्हणजे नगर जिल्हाच.

जगातला कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ, तो टोकियोत असो की शिकागोत, या माशांविषयी लिहू लागला की त्याला आपल्या भोई मंडळींच्या तोंडचा शब्द लिहावा लागतो. साइक्सला ही नावे सांगणाऱ्या माणसांची स्वतःची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. माशाचे नाव राहिले, सांगणाऱ्याचे गेले. इतिहास अनेकदा असाच लिहिला जातो.

साइक्सनंतर साहेब लोकांचा दुसरा वर्ग आला, तो काठी घेऊन. मद्रास इलाख्याच्या मुलकी सेवेतल्या हेन्री सलिव्हन टॉमस याचे ‘हिंदुस्थानातील गळकाठी’ या अर्थाच्या नावाचे इंग्रजी पुस्तक 1873 मध्ये निघाले. पुष्कळ शिकारी साहेबांना महसीराखेरीज दुसरा मासा दिसत नसे. मणभराचा मासा काठीवर खेळवावा, त्याचे छायाचित्र काढावे, क्लबात भिंतीवर टांगावे. टॉमसही महसीराचा भक्त होता. पण त्याने लहान माशांकडे पाठ फिरवली नाही. पाण्याच्या वरच्या थरात चांदीच्या पात्यासारखा चमकणारा चिलवा, ज्याच्या गोतातल्यांना आपल्याकडे अळकूट म्हणतात, त्यालाही त्याने मान दिला. पुढे 1887 मध्ये केवळ तळ्यांतल्या गळमासेमारीवर त्याने वेगळे पुस्तक लिहिले. नदीची काठी वेगळी, तळ्याची वेगळी. महसीराची वेगळी, चिलव्याची वेगळी. महसीराच्या काठीने अळकूट धरणे म्हणजे बैलगाडीच्या जुवाला शेळी जुंपणे. मासा कदाचित येईलही, पण आला हे हाताला कळणार नाही. लहान माशाची झुंज अनुभवायची तर काठीच लहान हवी. आजही या काठ्यांना क्रमांक असतात. दोन-तीन क्रमांकाची काठी वीतभर माशाला, आठ किंवा त्याहून वरची महसीराला.

त्याच 1873 साली फ्रान्सिस डे या डॉक्टरने हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्याच्या मासेमारीवर सरकारला अहवाल दिला. बारीक जाळ्यांनी पिल्लांचा संहार होतो आहे, ओढ्यानाल्यांत चढणीचे मासे अडवून मारले जात आहेत, असे त्याने बजावले. पुढे 1897 चा मासेमारी कायदा आला. पाण्यात सुरुंग उडवणे आणि विष कालवणे हे त्याने गुन्हे ठरवले. कायदा करावा लागला यातच दुखणे किती जुने आहे ते दिसते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1960 चा आपला स्वतंत्र कायदा झाला.

आता साहेबांना बाजूला ठेवून नदीकाठी येऊ. आपल्याकडे खोटी माशी नव्हती, पण अनेक काठ्या होत्या. कळकाची एक लवचीक फोक, तिला दोरा, दोऱ्याला जोंधळ्याच्या ताटाच्या भेंडाचा तरंगता तुकडा आणि खाली गळ. अशा तीन-चार काठ्या काठावर रोवून बसलेला माणूस मुळेच्या, प्रवरेच्या डोहावर कोणी पाहिला नाही? एका गळाला गांडूळ, तो तळाशी शिंगटीसाठी. दुसऱ्याला कणीक, ती मधल्या पाण्यात. तिसरी फोक सर्वांत बारीक, वरच्या अळकुटासाठी. त्याने बर्नर्सबाईंचे पुस्तक वाचले नव्हते, सोमेश्वराचा श्लोक ऐकला नव्हता. पण एक केस ते पंधरा केस हा हिशेब त्याच्या हातात होता. कोकणात याच कामाला ‘गरवणे’ म्हणतात, घाटावर ‘गळ टाकणे’. शब्द वेगळे, जाण तीच. आपली भाषाही या जाणिवेने भिजलेली आहे. ‘आमिष दाखवणे’ आणि ‘गळाला लागणे’ हे शब्दप्रयोग ज्यांनी नदी पाहिली नाही तेही रोज वापरतात.

मग झाले काय? उत्तर देताना आपण न्यायाने बोलले पाहिजे. आपला जिल्हा अवर्षणाचा. भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पुरे झाले, प्रवरेचे पाणी कालव्यात आले. मुळेवर बारागाव नांदूरला धरण झाले, 1972 च्या सुमारास त्यात पाणी साठू लागले आणि त्याच्या उजव्या कालव्याने नेवासे तालुक्याचे रूप पालटले. पैठणच्या जायकवाडीचे उद्घाटन 1976 मध्ये झाले आणि गोदावरीचा फुगवटा आपल्या तालुक्याच्या शिवारापर्यंत पोचला. ज्या पाण्याने घरात भाकरीबरोबर उसाचा पैसा आणला, त्या पाण्याला नावे ठेवणे आमच्या जिभेवर येणार नाही. परंतु वाहते पाणी साठले की त्यातले रहिवासी बदलतात. महसीरासारखा मासा पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून वाळू-गोट्यांच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. त्याच्या वाटेत भिंत आली. ज्यांना खळाळता उथळ प्रवाह हवा, अशा कितीतरी बारीक जातींना राहायला जागा उरली नाही.

रिकाम्या घरात नवे बिऱ्हाड येतेच. 1952 मध्ये तिलापिया हा मूळचा आफ्रिकेतला मासा आपल्या देशात आणला गेला. हेतू चांगला होता. गरिबाला स्वस्त प्रथिन मिळावे. मादी पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले जगतात, आणि वर्षातून अनेकदा वीण होते. 1957 मध्ये हिरालाल चौधरी यांनी संप्रेरक टोचून कार्प माशांची वीण करून दाखवली. त्यानंतर रोहू, कटला, मृगळ या गंगेकडच्या माशांचे बीज हवे तेथे पोचवणे शक्य झाले आणि दख्खनची धरणे त्यांनी भरू लागली. मच्छीमार सहकारी संस्थांच्या चुली त्यावर पेटल्या, हेही खरे. पण परिणाम असा की आज बाजारच्या टोपलीत डोकावले तर तीच दोन-चार तोंडे पुन्हा पुन्हा दिसतात. नुक्ता आज जगाच्या संकटग्रस्त यादीत आहे. डोहावरच्या माणसाच्या तीन काठ्यांची एक झाली. त्याचे कौशल्य कमी झाले नाही. दुसऱ्या काठीला काम उरले नाही.

निराश होऊन थांबावे असेही नाही. लोणावळ्याच्या वळवण तळ्याकाठी टाटांच्या वीज कंपनीने 1970 नंतर महसीराची कृत्रिम वीण यशस्वी केली आणि तिथली पिल्ले देशात दूरवर सोडली गेली. त्या कामात महाराष्ट्राचे मत्स्यतज्ज्ञ चंद्रकांत व्ही. कुलकर्णी यांचा मोठा वाटा होता. मुंबईच्या पवई तलावावर हौशी गळकऱ्यांची संघटना पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. आजचे अनेक गळकरी काटा नसलेला गळ वापरतात आणि मासा हातात धरून, पाहून, पुन्हा पाण्यात सोडतात. पण थोर माशाला असे कैवारी मिळतात. वीतभर शिंगटीला आणि बोटभर अळकुटाला कोण मिळणार?

इथे आम्हांला घोडेगावचा बाजार पुन्हा आठवतो. या बाजारात येणारा व्यापारी लांबून शिंगांची वळण पाहूनच सांगतो: ही जाफराबादी, ही मुऱ्हा, ती पंढरपुरी. त्याला हे कोणत्या शाळेने शिकवले नाही. नाव चुकले तर पैसा बुडतो, म्हणून नाव तोंडात टिकले. आणि नाव टिकले म्हणून जातीची पारख टिकली. माशांच्या बाबतीत नेमके उलटे घडत आहे. साऱ्या बारीक माशांना आपण ‘बारीक मासळी’ म्हणू लागलो. ज्याला वेगळे नाव नाही, तो नाहीसा झाला तर त्याची उणीवही कोणाला भासत नाही.

म्हणून आमची विनंती अगदी लहान आहे, एका केसाच्या दोरीएवढी. आपापल्या गावी नदीवर आयुष्य काढलेला एखादा म्हातारा भोई असेल, तर त्याच्याजवळ बसावे आणि त्याला ठाऊक असलेल्या माशांची नावे लिहून घ्यावीत. मासा कोठे राहतो, काय खातो, कोणत्या महिन्यात अंड्यांवर येतो, पूर्वी किती दिसे, आता दिसतो का, एवढे विचारावे. शाळेतल्या मुलांनी हे काम हाती घेतले तर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तालुक्याची यादी पुरी होईल. आणि या वेळी सांगणाऱ्याचे नावही लिहावे. साइक्सकडून राहिलेली ती चूक आपण सुधारू. दुसरे, चढणीच्या दिवसांत ओढ्यात अंड्यांवर आलेले मासे धरू नयेत आणि मच्छरदाणीच्या कापडाने पिल्ले गाळू नयेत. हे सांगायला डे साहेबाचा अहवाल लागत नाही. पेरणीचे बी कोणी खाऊ नये हे शेतकऱ्याला ठाऊक असतेच.

इथून थोड्या अंतरावर नेवाशाला 1290 मध्ये ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ लोकांच्या बोलीत सांगितला. जे लोकांच्या तोंडी असते ते ग्रंथात आणण्याची या मातीची परंपरा आहे. सोमेश्वराने राजाच्या आसनावरून माशांची यादी केली, साइक्सने सरकारी हुकमाने केली. तिसरी यादी आता गावाने करावयाची आहे. ती झाली, आणि तिच्यातले थोडे जरी मासे पाण्यात पुन्हा दिसू लागले, तर डोहावरचा माणूस कळकाची दुसरी फोक आपणहून कापील. त्याला कोणी सांगावे लागणार नाही.